क्रूझवरची दिवाळी : तयारी आणि पथ्ये

दिवाळीच्या सुट्टीत क्रूझवर जायचे ठरले की मराठी कुटुंबापुढे साधारण दोन पर्याय येतात. पहिला मुंबईचा. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून निघणारे जहाज गोवा, कोची किंवा लक्षद्वीपची फेरी करून दोन ते पाच रात्रींत परत येते. कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून या मार्गांवर फिरू लागले. ते मूळचे १९९० मधले, रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी बांधलेले. दुसरा पर्याय सिंगापूरचा. मरिना बे क्रूझ सेंटरवरून सुटणारी जहाजे पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत अशी बंदरे घेऊन सिंगापूरलाच परततात. तिथले ‘जेंटिंग ड्रीम’ हे जहाज सुमारे दीड लाख टनांचे, म्हणजे ‘एम्प्रेस’च्या तिपटीहून मोठे. जहाज मोठे असले की हेलकावे कमी जाणवतात आणि करमणुकीची साधने वाढतात. मात्र जेवणाच्या रांगा आणि लिफ्टपुढची गर्दीही त्याच मापाने वाढते. घरातल्या चार-सहा जणांनाच जायचे असेल आणि पहिलाच प्रवास असेल, तर मुंबईहून निघणारी दोन-तीन रात्रींची फेरी पुरेशी आहे. विमान नाही, व्हिसा नाही आणि समुद्र मानवतो की नाही हेही कमी खर्चात कळते.

अमेरिका-युरोपात राहणारी मराठी कुटुंबे मायामी किंवा बार्सिलोनाहूनही निघतात. पण त्या जहाजांवर दिवाळी म्हणून काही कार्यक्रम असेलच असे नाही. तिथे जे करायचे ते आपल्या आपण, असे धरून चालावे.

दिवाळीतले बहुतेक सगळे जहाजावर जमते. जमत नाही ती ज्योत. पणती, निरांजन, समई, उदबत्ती, कापूर, फुलबाजी यांतले काहीही प्रवाशाला जहाजावर पेटवता येत नाही, आणि या नियमाला सणासुदीचा अपवाद नसतो. लक्ष्मीपुढे खरी ज्योत तेवायलाच हवी असे ज्या घरात मानतात, त्यांनी लक्ष्मीपूजन घरी करून पाडव्याला किंवा भाऊबीजेनंतर निघावे. बाकीच्यांनी पुढची तयारी करावी.

तारखा आणि वेळा

तिकीट काढण्याआधी पंचांग आणि जहाजाचे वेळापत्रक शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. जहाजांची वेळापत्रके बरीच आधी जाहीर होतात, त्यामुळे हे काम उन्हाळ्यातच उरकता येते. उदाहरणार्थ, २०२६ मध्ये नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन दोन्ही ८ नोव्हेंबरला, रविवारी आहेत. भाऊबीज ११ तारखेला आहे. चार रात्रींची फेरी ७ तारखेला सुटत असेल, तर अभ्यंगस्नान आणि पूजन जहाजावरच्या पहिल्या पूर्ण दिवशी येते. या दोन्हींपुरते हे उत्तम. पण तीच फेरी ८ तारखेला दुपारी सुटत असेल, तर पहाटेचे स्नान उरकून बंदर गाठायचे, रांगेत उभे राहायचे, सुरक्षा-कवायत करायची आणि लगेच संध्याकाळी पूजा मांडायची अशी ओढाताण होते. उतरण्याचा दिवस तर सणाला सर्वांत गैरसोयीचा. सकाळी सातच्या सुमारास खोल्या रिकाम्या करायला सांगतात, न्याहारीला झुंबड असते आणि भाऊबीज असली तरी ओवाळायला निवांत जागा सापडत नाही.

मुहूर्त पाहताना सूर्यास्त जिथल्या तिथला धरावा. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी करतात, आणि प्रदोष सूर्यास्तावर अवलंबून असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सिंगापूरच्या आसपास स्थानिक घड्याळाने पावणेसात वाजतात. सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असल्यामुळे घरच्या पंचांगातली वेळ तशीच उचलली तर पूजा भलत्याच वेळी होते. शिवाय थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. बंदरात उतरल्यावर मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, जहाज मात्र स्वतःच्या वेळेने सुटते. उतरताना ‘जहाजाची वेळ’ कोणती ते दारातल्या फलकावर पाहून घ्यावे आणि हातातले साधे घड्याळ त्यावर लावून ठेवावे. उशिरा आलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. कंपनीने स्वतः नेलेली सहल उशिरा परतली तर गोष्ट वेगळी.

सिंगापूर-मलेशियात दिवाळी तमिळ रिवाजाने साजरी होते. नरक चतुर्दशीची पहाट, तेल लावून स्नान, नवे कपडे आणि देवदर्शन हाच तिथला मुख्य दिवस. मराठी कुटुंबाला हा रिवाज परका वाटत नाही. फेरीच्या आधी किंवा नंतर सिंगापुरात एक दिवस मिळाला तर सेरंगून रोडवरची रोषणाई आणि वीरमाकाळीअम्मन मंदिर जरूर पाहावे. पेनांगला जहाज लागते ते जॉर्जटाउनच्या स्वेटनहॅम पिअरवर. तिथून पायी जाण्याइतक्या अंतरावर तिथले लिटल इंडिया आहे आणि त्यातच क्वीन स्ट्रीटवरचे १८३३ मधले महामारिअम्मन मंदिर. खरी पणती पाहायची, फुले घ्यायची, देवळात दिवा लावायचा तर ती जागा हीच. फेरी निवडताना दिवाळीचा दिवस पेनांगच्या मुक्कामाशी जुळत असेल तर थोडे जास्त भाडे द्यायला हरकत नाही.

समुद्राचा स्वभावही तारखा ठरवताना लक्षात घ्यावा. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. जुन्या काळी मुंबई-गोवा कोकण बोटीही पावसाळ्यात बंद असत. दिवाळीपर्यंत समुद्र बहुधा निवळतो. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचाही हंगाम आहे. २०१९ मध्ये लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होते आणि ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ अरबी समुद्रात त्याच सुमारास सर्वांत जोरात होते. २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ‘ओखी’ने लक्षद्वीपला झोडपले. अशा वेळी कप्तान मार्ग बदलतो, एखादे बंदर गाळतो किंवा फेरीच पुढे ढकलतो. करारात त्याला ती मुभा असते आणि गाळलेल्या बंदराबद्दल पैसे परत मिळतीलच असे नाही. लक्षद्वीपला तर समुद्र शांत असतानाही मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. ते दूर नांगर टाकते आणि प्रवासी लहान होड्यांनी बेटावर जातात. लाट थोडी वाढली की हे उतरणे रद्द होते. म्हणून ‘लक्षद्वीपला दिवाळी’ असा बेत मुलांना आधीच जाहीर करू नये.

खोली आणि कागदपत्रे

खोल्यांचे साधारण चार प्रकार असतात: खिडकी नसलेली आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि सुइट. दिवाळीत बहुतेक वेळ खोलीबाहेर जातो, तेव्हा आतली खोली घेऊन वाचलेले पैसे सहलींवर घालवणे वावगे नाही. पण घरात ज्येष्ठ माणसे असतील आणि पूजा खोलीतच मांडायची असेल, तर निदान एक खोली खिडकीची घ्यावी. हेलकाव्यांचा त्रास होणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. टोकाच्या आणि उंचावरच्या खोल्या सर्वांत जास्त डुलतात, आणि गंमत म्हणजे अनेकदा महाग खोल्याच उंचावर असतात. तीन पिढ्या एकत्र जात असतील तर मधून दार असलेल्या जोडखोल्या घ्याव्यात. अशा खोल्या मोजक्याच असतात आणि सुट्टीच्या फेऱ्यांत सगळ्यांत आधी संपतात.

तान्ह्या बाळांना आणि गरोदर स्त्रियांना मर्यादा आहेत. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला आणि चोवीस आठवड्यांपुढच्या गरोदर स्त्रीला जहाजावर घेत नाहीत. बाळाचे वय निघण्याच्या तारखेला मोजतात, गरोदरपणाचे आठवडे मात्र प्रवास संपण्याच्या तारखेला. हा मुद्दा टर्मिनलवर कळला तर तिकीट वाया जाते.

देशांतर्गत फेरीला सरकारी ओळखपत्र पुरते, लहान मुलांचेही हवे. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो. तो कंपनीमार्फत निघतो की स्वतः काढायचा, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. सिंगापूरच्या फेरीत एक खाच आहे. विमानाने सिंगापुरात एकदा प्रवेश होतो आणि जहाजाने परतल्यावर दुसऱ्यांदा. त्यामुळे व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, आणि वाटेतल्या देशांचे नियम निघण्यापूर्वी नव्याने पाहावेत. ते वरचेवर बदलतात.

सणाचे सामान

आगीबद्दल जहाजवाले इतके कडक का, हे एका घटनेवरून समजते. २३ मार्च २००६ रोजी ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाकडे जात असताना पहाटे एका बाल्कनीत आग लागली. नीट न विझलेले सिगारेटचे थोटूक हे तिचे संभाव्य कारण ठरले. बाल्कन्यांतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि आडोसे पेटत गेले, काही मिनिटांत आग वरच्या मजल्यांवर चढली, शंभराहून अधिक खोल्यांचे नुकसान झाले आणि एक प्रवासी दगावला. त्यानंतर बाल्कन्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. भर समुद्रात अग्निशमन दल येत नाही, खलाशीच ते काम करतात. खोलीतला धूरसूचक थेट जहाजाच्या नियंत्रणकक्षाशी जोडलेला असतो. बाथरूममध्ये दार लावून उदबत्ती पेटवली तरी थोड्याच वेळात खोलीच्या दारावर थाप पडते, आणि दंड किंवा पुढच्या बंदरात उतरवले जाणे इथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. फटाक्यांचे तर नावच नको. समुद्रावर आकाशात उडणारा लाल प्रकाश ही शोभा नसते, तो संकटाचा संकेत असतो. आजूबाजूच्या जहाजांनी तो पाहिला तर ती मदतीला वळतील.

त्यामुळे दिवे बॅटरीचे न्यावेत. गोल चपट्या बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी पणत्या बाजारात मुबलक मिळतात. विजेवर लावायच्या माळा मात्र बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, आणि एक्स्टेन्शन बोर्ड, इस्त्री, विजेची किटली ही सामान तपासणीतच काढून घेतात. परत मिळतात ती उतरताना. इस्त्री नाही म्हटल्यावर पैठणीचे काय, हा प्रश्न घरोघर येतोच. रेशमी साड्या मऊ सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवाव्यात आणि पोहोचताच हँगरला लावाव्यात. अगदीच चुरगळल्या तर जहाजाच्या लाँड्रीत पैसे देऊन इस्त्री करून मिळते, पण सणाच्या दिवशी तिथेही गर्दी असते, म्हणून कपडे आदल्या दिवशी द्यावेत.

विमानाने जाणाऱ्यांनी पूजेच्या सामानावर आणखी एक नजर टाकावी. कापूर आणि काडेपेटी ज्वलनशील म्हणून चालत नाहीत, आणि सुक्या खोबऱ्याची वाटीसुद्धा चेक-इन बॅगेत मना आहे. खोबऱ्यात तेल जास्त असते आणि ते आपोआप तापू शकते, हे त्याचे कारण. नारळ, फळे, सुटी फुले जहाजावर नेऊ देत नाहीत. ती जहाजाच्या मुदपाकखान्यातून मागवावीत. आठवडाभर आधी ईमेलने कळवले तर एक नारळ, पाच फळे आणि थोडी फुले मिळायला सहसा अडचण येत नाही. आयत्या वेळी मात्र हमखास येते. हळदकुंकू, अक्षता, सुपारी, लक्ष्मीचे चित्र, कापडी तोरण, वही-पेन एवढे घरून न्यावे. खोलीचे दार बहुधा धातूचे असते, त्यामुळे तोरण चिकटपट्टीने न लावता लहान लोहचुंबकांनी लावावे. चिकटपट्टीने रंग निघाला तर भरपाई मागतात, शिवाय काही कंपन्या दाराबाहेर काहीच लावू देत नाहीत. रांगोळीची पूड गालिच्यावर पडली की निघत नाही, आणि डेकवर वाऱ्यात टिकत नाही. तयार चिकटवायची किंवा कापडावर रंगवलेली रांगोळी खोलीच्या आत मांडावी.

हे सगळे हातातल्या पिशवीत असावे. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी पोहोचायला संध्याकाळ होते, कधी रात्रही. लक्ष्मीपूजनाच्याच दिवशी जहाजावर चढणाऱ्यांची पूजा या एका कारणाने हुकते.

जहाजावरचा दिवस

जहाजावर चढल्यावर पहिले काम सुरक्षा-कवायतीचे. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले तेव्हा त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा हा संकटाचा इशारा आणि आपले जमण्याचे ठिकाण, एवढे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, पाठ हवे.

त्यानंतर लगेच स्वागतकक्षात जाऊन पूजेबद्दल बोलून घ्यावे. भारतीय प्रवासी बरेच असतील तर जहाजवाले एखादे दालन देतात, बॅटरीच्या दिव्यांची सामुदायिक पूजा, रांगोळी स्पर्धा, दांडिया असे कार्यक्रमही ठेवतात. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांची वेळ छापलेली असते. जिथे असे काही नाही तिथे दहा-बारा कुटुंबांनी मिळून मागणी केली तर जागा मिळण्याची शक्यता वाढते. एकट्याने मागणी करणाऱ्याला बहुधा ‘खोलीत करा’ असे उत्तर मिळते.

रात्रीचे जेवण अनेक जहाजांवर दोन पाळ्यांत असते: पहिली सहाच्या आसपास, दुसरी आठच्या. तिकीट काढतानाच दुसरी पाळी मागावी. पहिली पाळी नेमकी पूजेच्या वेळेवर येते, आणि पाळी नंतर बदलून मिळणे कठीण असते. औपचारिक पोशाखाची एखादी रात्र असते. तिथे साडी, कुर्ता, शेरवानी सर्रास चालते, कोट-टाय विकत घ्यायची गरज नाही.

अभ्यंगस्नानाचे मात्र नीट नियोजन करावे लागते. जहाजावरची न्हाणी जेमतेम हात पसरता येतील एवढी, तिच्यात बसायला जागा नाही, आणि फरशी तेलाने माखली की डुलत्या जहाजावर पाय घसरायला वेळ लागत नाही. तेल खोलीतच, जुना टॉवेल अंथरून, त्यावर बसून लावावे आणि तेही बेताने. ते अंगात मुरले की उटणे वाटीत कालवून न्हाणीत न्यावे, एकाचे स्नान झाले की आधी साबणाने फरशी धुवावी आणि मग दुसऱ्याला आत पाठवावे. ज्येष्ठांनी भिंतीचा दांडा धरूनच उभे राहावे. चौघांची स्नाने पहाटे उरकायची तर दीड तास धरावा. उटण्याचा गाळ निचऱ्याच्या जाळीत साठतो; तो कागदाने उचलून टाकला तर खोली आवरणाऱ्या कर्मचाऱ्याची सकाळ सुखाची होते. जहाजाच्या टॉवेलांवर तेल-हळदीचे डाग पडले तर त्यांचेही पैसे लावू शकतात.

पाडव्याला आणि भाऊबीजेला ओवाळताना तबकात बॅटरीची पणती, सुपारी, अंगठी, अक्षता एवढे पुरते. जो भाऊ घरी राहिला आहे त्याला ओवाळायचे तर आंतरजाल लागते, आणि इथे खिशाला मोठी कात्री लागते. किनारा मागे पडला की मोबाइलचे नेटवर्क जाते आणि काही जहाजांवर उपग्रहाचे नेटवर्क आपोआप पकडले जाते. त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात. जहाज सुटताच सगळ्यांचे मोबाइल विमान-स्थितीत टाकावेत. भाऊबीजेच्या दिवसापुरते जहाजाचे वाय-फाय घ्यावे, किंवा जहाज बंदरात असताना व्हिडिओ कॉल उरकावा.

फराळ आणि जेवण

घरचा फराळ जहाजावर नेता येत नाही, निदान नेता येईल असे धरून चालू नये. शेकडो माणसे एकाच जागी जेवतात, पोटाचा एक संसर्ग सगळ्या जहाजावर पसरू शकतो, म्हणून घरी केलेले पदार्थ बहुतेक कंपन्या आत येऊ देत नाहीत. कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटे अनेक ठिकाणी चालतात. चिवडा, शंकरपाळे, चकली, बेसनाचे लाडू अशी विश्वासातल्या दुकानाची, छापील तारखेची, न फोडलेली पाकिटे घ्यावीत, पण त्याआधी कंपनीची मनाईची यादी वाचावी. काही जहाजांवर तीही चालत नाहीत. आईने केलेल्या करंज्या टर्मिनलच्या कचरापेटीत टाकायची वेळ येण्यापेक्षा त्या निघण्याआधी घरीच खाल्लेल्या बऱ्या.

शाकाहारी जेवण आता दोन्हीकडच्या जहाजांवर सहज मिळते. जैन जेवण किंवा उपवासाचे पदार्थ हवे असतील तर तिकिटाबरोबरच लेखी कळवावे. जहाजाची सगळी शिधासामग्री मुख्य बंदरातच भरली जाते, आणि मधल्या समुद्रात कांदा-लसूण नसलेला मसाला आणायचा कुठून? गोडाधोडाचा हट्ट असेल तर आचाऱ्याला आदल्या दिवशी सांगून पाहावे. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर श्रीखंड-पुरी मिळणे अशक्य नसते.

पोट सांभाळण्याचा मुख्य उपाय म्हणजे साबणाने हात धुणे. क्रूझवर सर्वाधिक ऐकू येणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. बोट लागणाऱ्यांनी गोळी उलटी सुरू होण्याआधी घ्यावी. भारतात ॲव्होमिन त्यासाठी नेहमीची आहे. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. उपाशी राहू नये, तळकट फराळावर ताव मारू नये, डेकवर मध्यभागी उभे राहून क्षितिजाकडे पाहावे, आल्याचा तुकडा चघळावा.

नाताळ आणि ३१ डिसेंबर

दिवाळी जमली नाही तर पुढची संधी नाताळाची. या सणाची जहाजांना जुनी सवय आहे: मधल्या चौकात मजल्या-दीड मजल्याचे झाड, कॅरल, मुलांना भेटवस्तू, काही जहाजांवर मिस्सा. घरून भेटवस्तू न्यायच्या तर कागदात गुंडाळून नेऊ नयेत, सुरक्षारक्षक त्या उघडायला लावतात. वर्षअखेरीच्या फेऱ्यांची भाडी वर्षातली सर्वांत चढी असतात आणि कर्जाशिवाय परवडत नसेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हेच जहाज बऱ्याच कमी पैशांत मिळते, हे सांगणे आवश्यक आहे.

३१ डिसेंबरच्या रात्री मुंबई बंदरात नांगरलेली जहाजे बाराच्या ठोक्याला भोंगे वाजवतात. दक्षिण मुंबईकरांना ते घरबसल्या ऐकू येतात. जगभरात या रात्रीसाठी सर्वांत नावाजलेले बंदर म्हणजे पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे फुंशाल. तिथल्या २००६ च्या आतषबाजीची गिनीज बुकात नोंद झाली, आणि दरवर्षी अनेक क्रूझ जहाजे ती पाहायला उपसागरात जमतात. प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या लांब फेऱ्यांत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. पश्चिमेकडे जाताना एक तारीख गायब होते, पूर्वेकडे जाताना तीच तारीख दोनदा येते. सण नेमका त्या तारखेला असेल तर एक तर तो बुडतो, नाही तर दोनदा साजरा होतो.

हिशेब आणि उतरणे

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचे कार्डच सगळीकडे दाखवायचे आणि शेवटी बिल भरायचे. पेये, वाय-फाय, सहली, फोटो, काही खास उपाहारगृहे यांचे पैसे वेगळे असतात, शिवाय माणशी दर रात्रीमागे सेवाशुल्क लागते. ते तिकिटात धरले आहे की नाही, हे आधीच पाहावे. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घेता येते. दर रात्री स्वागतकक्षात किंवा टीव्हीच्या पडद्यावर बिल पाहत गेले तर शेवटच्या सकाळी वाद होत नाही. जहाजावरच्या डॉक्टरांची फी भरमसाट असते, म्हणून समुद्रप्रवास स्पष्ट शब्दांत नमूद असलेला विमा घ्यावा.

सणाच्या दिवशी ज्यांना सुट्टी नसते ते म्हणजे कर्मचारी. जगभरच्या क्रूझ जहाजांवर गोव्याची माणसे पिढ्यानपिढ्या नोकरी करत आली आहेत, कोकणातलीही पुष्कळ भेटतात. ही माणसे सहा-सहा, आठ-आठ महिने घरापासून दूर असतात. सेवाशुल्क भरलेले असले तरी खोली आवरणाऱ्याला पाकिटात घालून दिवाळीची पोस्त आणि सीलबंद लाडूंचा एखादा पुडा द्यावा. आपल्याकडे वाढपी-रखवालदारांना देतात तसाच हा रिवाज, आणि बिलात कितीही शुल्क लागले असले तरी तो टाळू नये.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून बाराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, औषधे, पासपोर्ट आणि पूजेचे सामान त्याआधी बाजूला काढावे. लोहचुंबक आणि तोरण दारावरून उतरवावे. तपासणीत काढून घेतलेल्या वस्तू टर्मिनलवर पावती दाखवून परत घ्याव्यात. पावती हरवली की वस्तू मिळत नाही.